मामाचं मटण

मटणाच्या बाबतीत माणसानं आधी विचारावं आणि मग खावं. मी आधी खाल्लं. त्यानंतर आठ दिवस मी नुसता विचारत फिरलो, आणि शेजाऱ्यांनी, डॉक्टरनं, वनखात्यानं आणि माझ्या सख्ख्या बायकोनं मला उत्तरं दिली. एकाचंही उत्तर मला आवडलं नाही.

झालं असं. रविवारी अकराच्या सुमारास चिखलदऱ्याहून येणाऱ्या एस.टी.च्या ड्रायव्हरचा फोन आला. "किशोर गावंडे साहेब का? तुमच्या नावचा डबा हाय. लवकर या, मले गाडी वळवाची हाय." आमच्या अमरावतीच्या स्टँडवर असे डबे येतच असतात. कोणाचं लोणचं, कोणाचा चष्मा, कोणाच्या सुनेची विसरलेली पोथी. मी स्कूटरवर गेलो आणि स्टीलचा डबा घेऊन आलो. वर फडकं, फडक्यात चिठ्ठी. 'किशोर, मामाचं मटण हाय. सगळं तूच खाय. कोणाले वाटू नको.' खाली नाव नाही.

आता मला मामा एकच, बार्शीटाकळीचे भगवंतराव. लहानपणी त्यांच्याकडचं मटण खाल्लं की दोन दिवस बोटांचा वास जायचा नाही. बार्शीटाकळी अकोल्याच्या पलीकडे आणि गाडी आली चिखलदऱ्याची, म्हणजे दिशाच उलटी, हे खरं. पण झाकण उघडून रश्श्याचा वास नाकात गेल्यावर ज्याला नकाशा आठवतो त्या माणसाला माझा दंडवत. चंदा, म्हणजे माझी बायको, भिशीला गेली होती. वाटू नको असं चिठ्ठीतच लिहिलेलं. मी आयुष्यभर वरिष्ठांचा लेखी आदेश कधी मोडलेला नाही. बसलो आणि चार भाकरींबरोबर सगळं संपवलं. मटण काळपट होतं, चिवट होतं, आणि तिखटाच्या खाली कुठेतरी ओल्या लोखंडाचा वास होता. जुनं बोकड असेल, असं म्हणून मी हाडंसुद्धा चोखली.

संध्याकाळी पाचला दूध आणायला निघालो. आमच्या नवजीवन कॉलनीच्या तोंडाशी सात कुत्री असतात. त्यांच्या म्होरक्याला सगळे नगरसेवक म्हणतात, कारण तो काम काही करत नाही पण त्याला ओलांडून कोणाला जाता येत नाही. नऊ वर्षं तो माझ्यावर भुंकतोय. माझ्यावरच. शेजारचे शेषराव जातात, दूधवाला जातो, चोरसुद्धा गेलेला आहे, पण मी दिसलो की त्याच्या अंगात येतं. त्या दिवशी मी सवयीनं हातातली पिशवी पुढे धरली. नगरसेवक उठला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, नाक वर केलं, आणि मग शेपूट पोटाखाली घालून तो मागे सरकू लागला. पाठीला भिंत लागली तरी त्याचे पाय सरकतच होते. बाकीची सहा कधी नाहीशी झाली ते कळलं नाही. अख्ख्या गल्लीत चिमणीचाही आवाज नव्हता.

मला आधी बरं वाटलं. खोटं कशाला सांगू? बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यासाठी कोणी मागे सरकल्याचं मला आठवत नाही. सोमवारी राजापेठेच्या रस्त्यात मधोमध बसलेली गाय, जी एस.टी.लाही दाद देत नाही, ती मला पाहून धडपडत उठली. ऑफिसात साहेब उठत नाहीत, शिपाई उठत नाही, गाय उठली. पण मंगळवारी ऑफिसची मांजर फायलींच्या कपाटाखाली शिरली आणि मी खोलीत असेपर्यंत तिचं बारीक गुरगुरणं थांबलं नाही. तेव्हा मला जरा कसंतरी व्हायला लागलं.

बुधवारी मामांना फोन लावला. म्हटलं, आभार मानू आणि बोकड कुठलं होतं तेही विचारू.

"मटण?" मामा म्हणाले. "अरे, मी माळ घातली त्याले चार वर्षं झाले! घरात अंडं येत नाही आता. तू कोणाचं मटण खाल्लं रे?"

मी फोन ठेवला आणि घासून पालथा घातलेला डबा उचलला. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी नाव कोरलेलं होतं, लग्नात भांडी देताना कोरतात तसं. सूर्यभान.

सूर्यभान म्हणजे माझा चांदूर बाजारच्या वसतिगृहातला सोबती. दोघं एका खोलीत चार वर्षं होतो. मला अंधाराची भीती वाटायची म्हणून तो कंदील माझ्या बाजूला ठेवायचा. पुढे मी कारकून झालो आणि तो पहाडावर, चिखलदऱ्याकडे, वनखात्यात रोजंदारीवर लागला. अठरा वर्षं रोजंदारी. आता कुठे त्याला कायम करायची फाईल निघाली होती. मागच्याच महिन्यात त्याचा फोन आला होता. "साहेबाच्या टेबलावर हाय फाईल. एक सही राह्यली फक्त. सही झाली का माय म्हन्ते मी मराले मोकळी." त्याला लगेच फोन लावला. तो कव्हरेज क्षेत्राच्या बाहेर होता, आणि पहाडावरचा माणूस आठवड्यातून सहा दिवस तिथेच असतो.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी चिठ्ठी घेऊन शेषरावांकडे गेलो. शेषराव वनखात्याच्या हिशेब शाखेतून निवृत्त झालेले. जंगलात ते एकदाही गेले नाहीत, पण जंगलावर त्यांच्याइतकं कोणी बोलत नाही. त्यांनी चिठ्ठी वाचली. चष्मा काढला, पुसला, परत वाचली. मग उठून दार लावलं.

"किशोरभाऊ, पहाडावर मामा कोणाले म्हन्तेत, मालूम हाय?"

"आईच्या भावाले."

"वाघाले," शेषराव म्हणाले. "तिथं कोणी त्याचं नाव घेत नाही. नाव घेतलं का तो येते म्हन्तेत. मामा म्हन्तेत. मामा दिसला, मामानं गाय नेली. तुमी मामाचं मटण खाल्लं म्हणजे..." आणि ते माझ्यापासून एक खुर्ची लांब जाऊन बसले.

मी घरी आलो आणि आरशात जीभ पाहिली. जीभ नेहमीसारखीच होती.

शेषरावांनी ही गोष्ट कोणालाही सांगितली नाही, असं त्यांनी मला शपथेवर सांगितलं आहे. तरी गुरुवारी सकाळपर्यंत ती कॉलनीत सगळ्यांना माहीत होती, आणि जो तो मला वाघ का खाऊ नये ते सांगायला येऊ लागला. खाण्याआधी एकानंही सांगितलं नव्हतं. डॉक्टर अमोल म्हणाले, "काका, बोकड गवत खातं. वाघ शंभर जनावरं खातो, त्या शंभरांचे किडे त्याच्या मांसात जमा होतात. नीट शिजलं होतं का?" मी म्हटलं, चिवट होतं. त्यांनी जंताचं औषध लिहून दिलं. ते लहान मुलांचं होतं, स्ट्रॉबेरीच्या वासाचं. शेषराव कायद्याचं पुस्तक घेऊन आले आणि सात वर्षांची शिक्षा असलेलं पान माझ्यासमोर उघडं ठेवून चहा प्यायले. गाडीवर भाजी विकणारी मैनाबाई मात्र सल्ला द्यायला आली नाही. मी भेंडी निवडत होतो तेव्हा ती हळू आवाजात म्हणाली, "भाऊ, त्यानं कवा माणूस खाल्ला असन तर?"

"तर काय?"

"तर तुमी कोणाले खाल्लं?" तिनं भेंडीचे पैसे घेतले नाहीत. गाडी वळवली आणि निघून गेली.

मी त्या दिवशी ओट्यावर बसून पुष्कळ विचार केला. कुत्रं, मांजर, लांडगा, गिधाड, वाघ. जे जे मांस खातं ते आपण खात नाही, आणि का, ते छप्पन्न वर्षांत माझ्या मनात कधी आलं नव्हतं. बोकडाशी आपलं नातं सरळ आहे. तो गवताचा, आपण त्याचे. पण वाघ तर आपल्याच पंगतीला बसलेला. शेजारच्या पाटावरचा माणूस कोणी आपल्या ताटात वाढून घेतं का? विचार करता करता एकदम माझ्या लक्षात आलं की तीन गल्ल्या पलीकडच्या घरी बांधलेली शेळी मला इथे बसून कळतेय. दिसत नव्हती, ओरडली नव्हती. तरी ती उभी आहे आणि तिचं तोंड माझ्याकडे आहे, हे मला ठाऊक होतं. मी उठून आत गेलो आणि स्ट्रॉबेरीचं औषध दोनदा घेतलं.

आत चंदा कणीक मळत होती. मी तिच्या मागे जाऊन उभा राहिलो. ती वळली आणि परात हातातून खाली पडली.

"आवाज करत येत जा ना वं माय!" ती भिंतीला टेकून म्हणाली. बायकोनं नवऱ्याला बाईला म्हणतात तसं 'वं माय' म्हणावं, इतकी ती घाबरली होती. "चार दिवस झाले, तुमी आल्याचं समजतच नाही मले!"

ही बाई सव्वीस वर्षं माझ्या चपलांच्या फटफटीवर ओरडत आली आहे. मी खाली पाहिलं. पायात त्याच चपला होत्या. मी मुद्दाम जोरात पाय आपटत देवघरापर्यंत गेलो आणि परत आलो. चपला वाजल्याच नाहीत. चंदानं आपली उशी उचलली आणि मागच्या खोलीत नेली. माझा इतका अपमान लग्नातही झाला नव्हता, आणि लग्नात माझा फेटा हरवला होता.

शेषरावांचा सल्ला पडला की स्वतः होऊन सांगावं. "पकडल्या गेलं तर सात वर्षं. सोता सांगतलं तर साहेब समजून घेतेत." मी शुक्रवारी अर्ज केला. वनखात्याच्या कार्यालयात आवक शाखेच्या बाईंनी विषय वाचला, 'वाघ खाल्ल्याबाबत', आणि विचारलं, "कोणाला खाल्लं वाघानं?" मी म्हटलं, वाघानं नाही, वाघाला. त्यांनी तीन फॉर्म काढून पाहिले. नुकसानभरपाईचा फॉर्म माणूस, गुरं आणि पीक असा तीन रंगांत होता. वाघाच्या बाजूनं तक्रारीचा फॉर्म नव्हता. शेवटी कोऱ्या कागदावर घेऊन मला साहेबांकडे पाठवलं.

साहेबांचं नाव कुंदन. तरुण, शांत, बोलायला अतिशय सभ्य. अशा माणसाची मला जास्त भीती वाटते.

"नमुना आणलात?"

"डबा आहे."

त्यांनी डबा उघडून वास घेतला. "घासलाय."

"चंदानं. राख आणि लिंबू लावून."

"मांसाचा काही भाग?"

"तो... माझ्यातच आहे."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "गावंडे, मुद्देमाल जप्त करावा लागतो. तो तुमच्यात असेल तर मला तुम्हालाच जप्त करावं लागेल." ते हसले नाहीत. त्यांच्या मागच्या भिंतीवर वाघाचा मोठा फोटो होता आणि तो थेट माझ्याकडे पाहत होता. फोटो सगळ्यांकडेच पाहतात हे मला माहीत आहे. पण मी खुर्ची डावीकडे सरकवली तेव्हा साहेबांनीही मान वळवून फोटोकडे पाहिलं.

"डबा पाठवला कोणी?" त्यांनी विचारलं.

आता इथे मी काय करायला हवं होतं ते तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही माहीत होतं. एस.टी.त सापडला म्हणायचं होतं. आठवत नाही म्हणायचं होतं. साहेबांच्या टेबलावर डाव्या हाताला एक फाईल होती. रोजंदारी मजुरांना कायम करणे. नाव उलटं होतं, पण कारकुनाला उलटं वाचता येतं. पण मला एकदम सात वर्षं दिसली, सुटी धरून आणि रविवार धरून. मी नाव सांगितलं. बापाच्या नावासकट सांगितलं, गावासकट सांगितलं, आणि जबाबाच्या दोन्ही पानांवर सही केली. साहेबांनी डाव्या हाताची फाईल उचलली आणि ड्रॉवरमध्ये टाकली.

घरी आल्यावर चंदानं दारातच विचारलं, "नाव दिलं तुमी?"

मी मान हलवली.

"वाघ खाल्लेला माणूस असा असते का?" ती म्हणाली. "त्यापरीस ससा तरी खाचा होता." आणि ती मागच्या खोलीत गेली.

तेव्हा मी ठरवलं की हे सूर्यभानला आपणच जाऊन सांगायचं. रविवारी पहाटेची एस.टी. धरली. परतवाडा गेलं, घाट लागला, आणि दहाच्या सुमारास कंडक्टरनं मला एका वळणावर उतरवलं. सूर्यभानचं घर तिथून सागाच्या जंगलातून अर्ध्या तासावर. तो अंगणात खाट विणत बसला होता. मला पाहून त्यानं दोर टाकला आणि पळत येऊन मला उचललंच.

"अबे किशोऱ्या! एकटा आला जंगलातून? पाह्य माय, एकटा आला! म्हणलं होतं ना मी?"

त्याची माय चतुराबाई चुलीपाशी बसली होती. तिनं मला जवळ बोलावलं आणि माझ्या कपाळावर हात ठेवला, ताप पाहतात तसा. "लागलं याले," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

जेवताना मी विचारलं. कसंबसं विचारलं. "सूर्या, तू मले वाघ कावून चारला?"

त्याचा घास हातातच राहिला. मग तो इतका हसला की कोंबड्या पळाल्या. हसू थांबल्यावर मात्र त्याचा चेहरा उतरला. "मी? अठरा वर्षं झाले मी त्याच्या पायाचे ठसे मोजून राह्यलो, अन् मी त्याले चुलीवर ठेवीन? मामाच्या घरी जेवाव. मामाले जेवते का कोणी?"

बोकड त्याचं स्वतःचं होतं. मामानं गोठ्यातून नेलं, अर्धं खाल्लं आणि अर्धं नाल्यात टाकून गेला. "भरपाईसाठी पंचनामा कराचा तर बोकड तिथंच कुजवाव लागते. मी म्हणलं, राहू द्या भरपाई. मामाचं उष्टं हाय. माय म्हन्ते, भित्र्या लेकराले त्याचं उष्टं चारलं का भेव जाते. मले चारलं होतं लहानपणी." तो माझ्याकडे न पाहता बोलत होता. "दिवाळीत तू फोनवर रडत होता ना? तुह्यापरीस लहान पोट्ट्यानं तुही खुर्ची घेतली अन् तुह्या तोंडातून शब्द निघाला नाही म्हणून. मंग मी म्हणलं, आपल्या किशोऱ्याले पाठवू."

म्हणजे मी वाघ खाल्लाच नव्हता. मी वाघाचं उष्टं खाल्लं होतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण चतुराबाई चुलीकडे पाहत म्हणाली, "उष्टं खाल्लं म्हणजे एका ताटात जेवले. आता तो तुले वळखते." आणि भाकरी माझ्या ताटात टाकली. सांगायला आलो होतो ते सांगता येईना.

चारच्या एस.टी.साठी सूर्यभान मला सोडायला निघाला. तो पुढे, मी मागे. ऊन होतं, पण सागाच्या पानांखाली ते मळकट पिवळं झालं होतं. एकाएकी वर कुठेतरी वानर इशारा दिल्यासारखं खोकलं. सूर्यभान थांबला. मग मला तो वास आला. तिखटाशिवायचा, नुसता ओल्या लोखंडाचा.

तो वाटेतच बसला होता. वीस-पंचवीस पावलांवर. इतका मोठा असूनही आधी मला दिसला नाही, आणि मग त्याच्याशिवाय काहीच दिसेना. सूर्यभाननं नजर खाली केली आणि दारात आलेल्या वडीलधाऱ्याशी बोलतात तसं म्हणाला, "मामा, पाहुणा हाय. चालला."

मी पळालो नाही. मला पळायचं होतं, पाय माझे नव्हते. त्यानं माझ्याकडे पाहिलं. ऑफिसात आपला कप दुसऱ्यानं वापरलेला कळल्यावर माणूस जसा पाहतो, तसं. रागानं नाही, नोंद घेऊन. किती वेळ पाहिलं ते मला सांगता येणार नाही. मग तो उठला, आणि खाली बोटभर वाळलेली पानं असताना एकाही पानाचा आवाज न करता झाडीत गेला.

"पाह्य!" सूर्यभान माझा खांदा दाबून म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "पळाला नाहीस! भेव गेलं तुहं!"

"सूर्या," मी म्हटलं, "मी तुहं नाव लिहून दिलं."

त्याला आधी कळलं नाही. मी सगळं सांगितलं. डबा, शेषराव, साहेब, फाईल, ड्रॉवर.

"सही केली?"

"दोन्ही पानांवर."

त्यानं झाडीकडे पाहिलं. "तरीच," तो म्हणाला. "अठरा वर्षांत मामानं मले पाहिल्याबिगर वाट सोडली नाही. आज त्यानं माह्याकडं पाह्यलंच नाही. तुह्याकडंच पाहून राह्यला होता. त्याले आधीच समजलं होतं." मग तो वळला. "चाल. एस.टी. चुकन."

रस्त्यापर्यंत तो पुढे चालत राहिला, एकदाही मागे वळला नाही. एस.टी. आली तेव्हा त्यानं कंडक्टरला सांगितलं, साहेबाले खिडकीजवळची जागा द्या, घाटात मळमळते त्याले. मला शिवी दिली असती तर मी अमरावतीपर्यंत झोपलो असतो.

सोमवारी दहाला मी साहेबांसमोर उभा होतो. म्हटलं, जबाब मागे घ्यायचा आहे.

"जबाब मागे घेता येत नाही," कुंदन साहेब म्हणाले. "पुरवणी जबाब देता येतो."

मी कागद मागितला. बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांविरुद्ध कागद तयार केले, त्या सगळ्या विद्येचा त्या दिवशी उपयोग झाला. लिहिलं: 'सदर मटण बोकडाचे होते. बोकड सूर्यभान यांचे घरचे होते. चिठ्ठीचा मी चुकीचा अर्थ लावला, कारण मी, किशोर गावंडे, वय ५६, स्वभावाने अत्यंत भित्रा, ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवणारा व स्वतःचा जीव वाचविण्यासाठी मित्राचे नाव सांगणारा इसम असून माझा पूर्वीचा जबाब ग्राह्य धरू नये.' 'इसम' लिहिताना हात अडखळला. तो शब्द आपण नेहमी दुसऱ्याबद्दल लिहितो.

साहेबांनी तो वाचला. मग बाहेरच्या सगळ्या टेबलांना ऐकू जाईल अशा आवाजात परत वाचला. कोणीतरी खुसखुसलं. "मागचा जबाबही तुमचाच. खरा कोणता? भित्रे आहात याला पुरावा काय? तुम्ही तर आपल्या पायानं इथे आलात. असं करा, भित्रे असल्याबद्दल दोन साक्षीदार आणा. तुम्हाला ओळखणारे."

मी कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं: 'मी भित्रा असल्याबद्दल साक्ष द्यायला दोघे जण हवेत. तातडीचे.' मला वाटलं, लोक संकोच करतील. वीस मिनिटांत दोन ऑटोंतून अकरा जण उतरले. एरवी कॉलनीच्या सभेला चार येत नाहीत. शेषरावांनी तारीखवार प्रसंग लिहून आणले होते. डॉक्टरांनी मी इंजेक्शनच्या वेळी काय करतो ते हातवारे करून दाखवलं. मैनाबाई भाजीची गाडी फाटकात लावून आली आणि म्हणाली, "साहेब, हा माणूस पालीले भेते. वाघ काय खाइन?" अख्खं कार्यालय माझ्याभोवती उभं राहून हसत होतं आणि मी प्रत्येक वाक्याला मान डोलावत होतो. मला तेव्हा रडू आलं नाही याचं नवल वाटतं.

चंदा सगळ्यांच्या मागे उभी होती. साहेब म्हणाले, बायकोची साक्ष असली तर बरं. ती पुढे आली. कागद सगळा वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. मग माझ्याकडे एकदा पाहिलं आणि सही केली. साहेबांनी जबाबावर 'चौकशी निकाली' असा शेरा मारला, ड्रॉवर उघडलं, आणि ती फाईल काढून, टोपण दाताखाली धरून, माझ्या देखत सही करून टाकली.

बाहेर पायऱ्यांवर बाकीचे अजून हसत होते, कोणीतरी चहाचं विचारत होतं. चंदा माझ्या बाजूला आली.

"आजपावतो मी खोट्या कागदावर सही केली नाही," ती म्हणाली. "आज केली."

"खोटं काय आहे त्यात? सगळ्यांनीच तर सांगितलं."

"भित्र्या माणसानं लिहून दिलं नसतं असं. चार लोकांत, सोताच्या हातानं." ती हसत नव्हती. "इतके वर्षं मले तुमचा कधी भेव वाटला नाही. आता वाटते." मग तिनं माझ्या दंडाला घट्ट धरलं आणि आम्ही दोघं पायऱ्या उतरू लागलो.